रोजची साधना स्वतःच जुळवली तर चालते का? (थोडा हरिपाठ, थोडा श्वास, शुक्रवारचे दोन दिवे...)

सुरंगी (दापोली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच.

मागच्या वर्षी आषाढात आई गेली. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, मग एकदम रिकामं. पहाटे साडेपाचला जाग यायची, ती आईची उठायची वेळ, आणि पुढे काय करायचं तेच कळायचं नाही. तेव्हा एकेक करत काहीतरी जमत गेलं. आता ते असं आहे: सकाळी तुळशीपुढे दिवा, मग पडवीत बसून वीस मिनिटं नुसता श्वास बघायचा (९ वर्षांपूर्वी इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस केले होते), मग आई म्हणायची त्यातले हरिपाठाचे दोन-तीन अभंग. रात्री झोपताना दिवसाची उजळणी, ही मी कॉलेजला सिस्टरांच्या होस्टेलला होते तिथे शिकले. आणि शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी दोन दिवे लावते, तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत मोबाईल कपाटात. लहानपणी आम्ही अलिबागला होतो, शेजारच्या आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, होत्या, शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरात जी शांतता उतरायची ती मला नंतर कुठेच मिळाली नाही, म्हणून.

सात-आठ महिने छान चाललं. श्रावणात सगळं विस्कटलं. श्वास बघायला बसले की डोक्यात अभंग सुरू होतो, अभंग म्हणताना लक्ष नाकपुडीवर. रात्रीची उजळणी म्हणजे आज काय काय चुकलं याची यादी होते आणि रडू येतं, कारण यादी शेवटी आईच्या आजारपणापाशीच जाऊन थांबते. वहिनी म्हणाली, ही तर देवाची भेळ झाली, कुणातरी एकाचं धर. तिचं चूक आहे असं मला छातीठोकपणे सांगता येईना.

तर असं जुळवलेलं टिकतं का? आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांना आपण दुखावतो का? दोन्ही खरंच विचारतेय.

रातांबा

वाचतोय. आईबद्दल वाईट वाटलं.

खाडीकाठ (चिपळूण)

सुरंगीताई, मी पण इगतपुरीचा, चार शिबिरं झालीत, त्यामुळे तुमच्या श्वास आणि अभंगाच्या भांडणाबद्दल सांगू शकतो. आठवत असेल तर शिबिरात शिरतानाच माळ, मंत्र, पूजा, उपास सगळं दहा दिवस बाजूला ठेवायला सांगतात. ते दुसऱ्या कुणाचं वाईट म्हणून नव्हे, विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंकाजी प्रवचनात त्याचं कारण सांगतात. पहिले साडेतीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास, नाकपुडीच्या खाली, वरच्या ओठावर. तो आहे तसा बघायचा. त्याला नाव जोडलं की मन नावावर जाऊन बसतं, कारण नाव गोड असतं आणि श्वास अळणी. मन लवकर शांत होतं पण मग पुढचं अंगभर संवेदना बघण्याचं काम होत नाही.

म्हणजे अभंग सोडा असं मी म्हणत नाही. एका बैठकीत दोन्ही नको. श्वास संपला की उठा, चूळ भरा, तुळशीशी जा, मग अभंग. मधे अंगण आलं पाहिजे.

सुरंगी (दापोली)

मधे अंगण! हे उद्यापासूनच.

तिरफळ (वेंगुर्ला)

सुरंगीबाय, माझ्या आजयेन कधी ध्यान करूक नाय. सकाळी उठली काय उंबऱ्याक हात लावन पाया पडायची, मगे तुळशीक पाणी, मगे चूल. पण आमच्याकडे गाऱ्हाणा घालतत ता तू ऐकलंस काय? रवळनाथ, सातेरी, वेतोबा, बारा-पाचाचो मान, शिवेवरचो देवचार, कोण म्हणून सोडूचो नाय, खयच्या खयच्या गावात पीराचा पण नाव घेतत. आणि सगळे एका सुरात, व्हय म्हाराजा! कोण म्हणता भेळ झाली म्हणान? पण एक गोष्ट असा, पयलो मान ग्रामदेवाचो. तो चुकलो तर गावात झगडो. तुझो पयलो मान कोणाचो, ता आधी ठरव.

पाणकावळा (मुंबई, मूळ गाव राजापूर)

तिरफळ, वेतोबा म्हणजे आरवलीचा ना, ज्याला चपला वाहतात? लहानपणी बघितल्या होत्या, हातभर लांब. रात्री देव गावभर फिरतो म्हणून झिजतात असं मामा सांगायचा आणि मी रात्री खिडकीतून डोकवायचो.

तिरफळ (वेंगुर्ला)

तोच. चपला आणि केळ्यांचो घड. मामान खरा सांगितल्यान.

माडाची_सावली (रत्नागिरी)

वेगवेगळ्या धर्मांतून साधना घेणं यात नवीन काही नाही, पण ज्यांनी घेतली त्यांनी ती कशी घेतली ते बघायला हवं. रामकृष्ण परमहंसांनी १८६६ साली इस्लामची साधना केली, १८७४ साली ख्रिस्ताची. इस्लामच्या वेळी ते कालीच्या देवळात पाऊलही ठेवत नव्हते. म्हणजे एका वेळी एकच, पण पूर्ण.

दुसरे आपल्या कोकणातले, विनोबा. जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, १८९५. कुराण मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकले, 'कुराण-सार' काढलं, 'ख्रिस्तधर्म-सार' काढलं, धम्मपदाची नवी मांडणी केली. वर्षानुवर्षांची मेहनत आहे ती. आणि एवढं करून त्यांचा पाय गीता आणि ज्ञानेश्वरीवरून हलला नाही. गांधीजींच्या आश्रमातल्या प्रार्थनेतही ईशावास्य, अल-फातिहा, पारशी प्रार्थना, जपानी बौद्धांचा मंत्र, सगळं होतं, पण पाठ ठरलेला, वेळ ठरलेली, आणि सगळे मिळून म्हणायचे.

ताई, तुमच्याकडे सगळं आहे, फक्त वेळ आणि क्रम सैल आहे असं मला वाटतं.

निळी_पताका (मंडणगड)

मला यातलं काही पटलं नाही आणि ते मी मनापासून सांगणार आहे, ताईंनी राग मानू नये.

माझं गाव बाबासाहेबांच्या आंबडव्यापासून लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आमचे आजोबा जाऊ शकले नव्हते, नंतर गावातच २२ प्रतिज्ञा घेतल्या आणि देव्हाऱ्यातले देव खाडीत सोडले. आजी रडली होती. त्या देवांवर तिचंही प्रेम होतंच की. पण त्याच देवांच्या देवळात तिला पायरीवरून वर येऊ देत नव्हते. पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही अशी आहे. आता तुम्ही म्हणता बुद्धाचा श्वास पण घेते आणि विठ्ठलाचा अभंग पण. तुम्हाला ते निवडता येतं कारण तुम्हाला कुठल्याच दारातून कुणी हाकललं नाही. आमच्याकडे 'एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं' याची किंमत मोजलेली आहे. आनापान, म्हणजे हे श्वास बघणं, मन शांत करायचं औषध म्हणून घ्या, कोण अडवणार, बुद्धानेच सगळ्यांसाठी सांगितलंय. पण त्याच्यासोबत पंचशील, म्हणजे वागण्याचे पाच नियम, येतं. ते तुमच्या यादीत कुठे दिसलं नाही.

रातांबा

ही पोस्ट दोनदा वाचली.

सुरंगी (दापोली)

पताकाभाऊ, राग अजिबात नाही. पंचशीलाचं तर मला सुचलंही नव्हतं. इगतपुरीला पहिल्या संध्याकाळी घेतलं होतं, घरी आले आणि श्वास तेवढा ठेवला. सोपं तेवढं उचललं असं झालं खरं. यावर विचार करून लिहिते.

बंदर_हर्णै

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. आमची तर मासळीवाल्यांची भाषा, सांभाळून घ्या.

सुरंगीताईंनी आमच्यातलं काही घेतलेलं दिसत नाही म्हणून आधी बरं वाटलं आणि मग थोडं वाईटपण वाटलं. बरं अशासाठी की आजकाल लोक नमाजला व्यायाम म्हणतात, गुडघ्याला चांगला, पाठीला चांगला. नमाज ही हजेरी आहे, मालकापुढे. वुजू म्हणजे आधी हातपाय धुणं, किब्ला म्हणजे मक्केची दिशा, आणि वेळ, यातलं एक काढलं तर ती नमाज राहत नाही, म्हणून तिचा तुकडा तोडून कुणाला देता येत नाही. पण दुवा कुणीही मागावी. तस्बीह आहे, नमाजनंतर ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. माझे वालिद होडीवर बोटांच्या पेरांवर मोजायचे, जाळं ओढताना थांबायचं आणि मग जिथे सोडलं तिथूनच पुढे. अंगठा त्या पेरावर दाबून धरलेला असायचा, दोर दुसऱ्या हातात.

आणि केळशीला याकूबबाबांच्या दर्ग्यात या कधी. शिवाजी महाराजांचं नाव त्या दर्ग्याशी जोडून सांगतात, सगळ्या जातीची माणसं येतात. तिथे कुणी कुणाला विचारत नाही तू कशातलं काय घेतलंस.

माडाची_सावली (रत्नागिरी)

अंगठा पेरावर दाबून धरलेला... काय लिहिलंत भाऊ.

मलिदा_आणि_खजूर (ठाणे, गाव अलिबागजवळ)

मी बेने इस्राएल. शुक्रवारच्या दोन दिव्यांवर मीच लिहायला हवं.

आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं अशी आमच्यात परंपरा आहे. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली. शेकडो वर्षं राहिलं काय, तर शेमा ही एक प्रार्थना, सुंता, खवल्याचेच मासे, आणि शनिवार. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. बाकी सगळं विसरून शनिवार विसरला नाही. तेव्हा शब्बाथ म्हणजे मोबाईल बंद एवढंच नाही हो ताई. आज्ञा आहे ती. सहा दिवस काम संपवायचं, शुक्रवारी दुपारीच स्वयंपाक करून ठेवायचा, चांगले कपडे, सगळं घर एका टेबलावर. तुमच्या शेजारच्या आजींची शांतता दिव्यातून आली नव्हती, ती दुपारभर केलेल्या तयारीतून आली होती. मी लहान असताना शुक्रवारी दुपारी आई कुणाशी बोलायचीसुद्धा नाही, नारळ, वाटण, भांडी, आंघोळी, आणि दिवा लागला की तिचा चेहराच बदलायचा.

दुखावलं का म्हणून विचारलंत. मला नाही दुखावलं. तुम्ही त्या आजींना आठवून करता हे वाचून डोळे भरले. फक्त दिवे लावताना आम्ही जी ब्राखा, म्हणजे छोटी प्रार्थना, म्हणतो ती म्हणू नका, तिच्यात 'आम्हाला आज्ञा दिलीस' असे शब्द आहेत, ती आज्ञा तुम्हाला नाही. तुमच्या शब्दांत आजींची आठवण काढा.

पाणकावळा (मुंबई, मूळ गाव राजापूर)

खजूरताई/दादा, थोडं अवांतर, मलिदा म्हणजे पोह्यांचाच ना? शाळेत मित्राच्या घरी खाल्लेला, चव अजून आहे जिभेवर.

मलिदा_आणि_खजूर (ठाणे, गाव अलिबागजवळ)

ताई. हो, पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हानावी म्हणजे एलिया नबीचं नाव घेऊन, नवस फेडताना किंवा शुभकार्यात. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत अशी आमची श्रद्धा. सगळ्या जगातल्या यहुदी लोकांत मलिदा आमचाच, पोहे कोकणातले म्हणून.

खाडीकाठ (चिपळूण)

म्हणजे मिसळलंच की शेवटी कोकणात!

मलिदा_आणि_खजूर (ठाणे, गाव अलिबागजवळ)

पोहे मिसळले. शेमा नाही मिसळला.

केळबन (वसई)

रात्रीच्या उजळणीबद्दल. संत इग्नेशिअस लोयोलांची ती पद्धत, सोळाव्या शतकातली, येशूसंघाचे फादर दिवसातून दोनदा करतात. ताई, तुम्ही मधूनच सुरू करताय म्हणून रडू येतंय. चुका तिसऱ्या-चौथ्या पायरीला येतात. सुरुवात आभारापासून, आणि मोघम नको, आज मिळालेली एकेक गोष्ट, चहा कुणी दिला, बस कुणी थांबवली. मग उजेड मागायचा, की मला माझा दिवस तुझ्या नजरेने दिसू दे. मग तासातासाने दिवस मागे जायचं, कुठे मन उघडं होतं, कुठे आखडलं. तिथे चूक दिसली तर क्षमा मागायची आणि उद्यासाठी एकच गोष्ट ठरवून झोपायचं. आमच्या आजी हे सगळं झोपाळ्यावर करायच्या, पाच-सात मिनिटांत.

ज्याच्यापुढे उजळणी करायची तो प्रेम करणारा आहे हे धरून करायची असते. न्यायाधीश समोर बसवला तर कुणालाही रडू येईल.

आणि मराठीची लाज कुणी बाळगू नये, आमच्या चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणतात, ते पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे.

दोन_घटका (महाड)

आम्ही जैन. आमची सामायिक नावाची बैठक ४८ मिनिटांची, म्हणजे दोन घटका. तेवढा वेळ व्यवहार बंद असा नियम घेऊनच बसायचं, घड्याळ समोर. मन लागो न लागो, ४८ म्हणजे ४८. ताई, मन लागलं तरच बसणार असं केलंत तर श्रावणात विस्कटणारच.

वाशिष्ठी

दापोलीकर असून पन्हाळेकाजीचं नाव कुणी काढलं नाही? कोटजाई नदीच्या काठाला २९ लेणी. आधी हीनयान बौद्ध, काही शतकांनी वज्रयान, मग शैव, गाणपत्य आणि नाथपंथी. एकाच डोंगरात. एका लेण्यात नाथ आणि सिद्ध कोरलेत ते बघत मी तासभर बसले होते, बाहेर नदीत म्हशी. पण लक्षात घ्या, हे सगळे एकदम राहत नव्हते. एक गेले, दुसरे आले, आणि आलेल्यांनी आधीची खोली आपल्यासारखी करून घेतली. यात प्रेम किती आणि कब्जा किती हे मला आजही सांगता येत नाही. पताकाभाऊंच्या पोस्टनंतर हेच आठवत होतं.

निळी_पताका (मंडणगड)

वाशिष्ठीताई, बरोबर मुद्दा. मी शाळेच्या मुलांना तिथे नेतो तेव्हा आधी पहिली लेणी दाखवतो.

रायवळ (देवगड)

मी धार्मिक माणूस नाही, कलमं बांधतो. ३० वर्षं तेच केलं. तुमचं सगळं वाचून जे डोक्यात आलं ते लिहितो.

हापूसची कोय लावून बाग करत नाहीत. रायवळची, म्हणजे गावठी आंब्याची, कोय पावसाच्या तोंडावर वाफ्यात टाकायची, रोप पंधरा-वीस दिवसांचं झालं, पानं अजून तांबूस आहेत, तेव्हा शेंडा छाटून वरून मधोमध चीर द्यायची. हापूसची काडी तीन-चार महिन्यांची, रोपाच्या जाडीची, तिची पानं आठ-दहा दिवस आधीच कापून ठेवलेली म्हणजे डोळे फुगतात. तिला खाली पाचरीसारखा काप द्यायचा, चिरेत बसवायची, साल सालीला भिडली पाहिजे, आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. मग सावलीत ठेवून हात लावायचा नाही. नवीन पोरं काय करतात, चार दिवसांनी पट्टी सोडून बघतात जुळलं का. तिथेच मेलं.

एका झाडावर चार जातींच्या काड्या मी स्वतः बांधल्यात, चारही फळतात. पण खुंट, म्हणजे खालचं मुळाचं झाड, एक. आणि खुंटाला जोडाच्या खालून फूट येत राहते ती खुडावी लागते, नाहीतर रायवळच वाढतो आणि काडी सुकते. आणि चारही काड्या एकाच दिवशी बांधू नका, एक जगली की दुसरी.

तुम्ही आई गेल्याच्या दुःखात चारही एकदम बांधल्यात आणि रोज पट्टी सोडून बघताय.

तिरफळ (वेंगुर्ला)

रायवळानु, ह्या माका सांगूक जमला नसता. पयलो मान म्हणजे खुंट.

निळी_पताका (मंडणगड)

दाखला चांगला आहे काका, पण खुंटाला कुणी विचारत नाही तुला कापू का म्हणून. माणसाने विचारायला हवं.

रायवळ (देवगड)

ते खरं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सुरंगी (दापोली)

बारा दिवसांनी येतेय. सगळ्यांच्या पोस्टी वहीत उतरवल्या होत्या.

काय केलं ते सांगते. खुंट शोधायला वेळ लागला नाही, हरिपाठच. आई माझ्या पाठीवर थापटत म्हणायची, तो मी निवडलेला नाहीच, तो आधीपासून आहे. तेव्हा सकाळी पहिला तोच, आवाज काढून, दोन-तीन तुकडे नाहीत, सगळा, पुस्तक हातात घेऊन. वेळ ठरलेली, दोन_घटका म्हणाले तसं घड्याळ समोर. मन लागलं नाही तरी पूर्ण करते. बारातले पाच दिवस लागलं नाही.

श्वासाची बैठक संध्याकाळी नेली. मधे अख्खा दिवस आहे, अंगणापेक्षा मोठं. बसण्याआधी पंचशील म्हणते. पताकाभाऊ, खोटं न बोलण्याचं शील रोज म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की मी वहिनीला फोनवर दिवसातून दोनदा तरी "कामात आहे" म्हणून खोटं सांगते. ते थांबवलंय. तुमच्या आजीच्या देवांबद्दल वाचल्यापासून तुळशीला दिवा लावताना त्या पायरीची आठवण येते, ती पुसायची नाही असं ठरवलंय.

उजळणी केळबन म्हणाले तशी आभारापासून. पहिल्या रात्री आभारच इतके निघाले की चुकांपर्यंत पोचायच्या आधी झोप लागली. आईच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी काढणारा शेजारी मला एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा आठवला. यादी तिथेच जाते अजून, पण आता त्या रात्रीत तो पण असतो.

शुक्रवार मात्र तूर्त सोडलाय. खजूरताईंचं वाचल्यावर कळलं की मला शब्बाथ नको होता, त्या आजी हव्या होत्या. त्यांची मुलगी अलिबागला असते असं जुन्या शेजाऱ्यांकडून कळलं, फोन लावला. तिने आधी ओळखलंच नाही, मग म्हणाली, "तू ती खिडकीत बसणारी?" पुढच्या शुक्रवारी दुपारीच ये म्हणालीय, तयारीला.

खाडीकाठ (चिपळूण)

संध्याकाळची बैठक जेवणाआधी ठेवा, नंतर पेंग येते.

बंदर_हर्णै

ताई, अलिबागला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. शुक्रवारी पहाटे या बंदरावर, खवल्याचाच मासा देतो, सुरमई नको, तिची खवलं डोळ्याला दिसत पण नाहीत आणि वाद होतो. रावस मिळाला तर बघतो.

मलिदा_आणि_खजूर (ठाणे, गाव अलिबागजवळ)

रावस चालतो. आणि पोहे जाड घ्या ताई, पातळ पोह्यांचा लगदा होतो.